उतारावरचा आवाज

हेमांगीने पाण्याखाली दगडावर दगड आपटला. शेततळ्याच्या पलीकडच्या बांधावर नानांचा हात वर गेला.

नाना तिच्याकडे पाठ करून बसले होते. कानांवर मोठे हेडफोन, त्यांची वायर पाण्यात, वायरीच्या टोकाला तळ्याच्या मधोमध खोल सोडलेला माईक. ठोका ऐकू आला की हात वर करायचा, एवढंच त्यांचं काम.

“मन्हाकडे देखू नका,” तिने वडिलांना बजावलं होतं. “नैतं देखीसनच हात वर करशात.”

“बरं माय. रुसेल जवाईसारखा पाठ करीसन बठस मी.”

समुद्राचा तळ किनाऱ्यापाशी उतरता असतो. खोलातून किनाऱ्याकडे निघालेला आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये आपटत वर येतो, दर आपटीला जास्त उभा होतो आणि शेवटी मागे फिरतो. किनाऱ्याजवळ निघालेला आवाज मात्र उतारावरून आडवा होत होत खोलात लांबवर जातो. हेमांगीला एम.एस्सी.च्या प्रकल्पात हेच दाखवायचं होतं. धरणगावला समुद्र नव्हता. काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, चारी बाजूंनी उतरतं शेततळं होतं.

सकाळी माईक काठाशी होता आणि ठोके खोलात. नानांना धड काही ऐकू आलं नव्हतं. आता सगळं उलट केल्यावर त्यांचा हात एकदाही चुकत नव्हता.

खुशीत ती आणखी एक पाऊल खाली उतरली. कागदावर शेवाळ होतं.

धबका असा झालाच नाही. ती नुसती घसरत गळ्यापर्यंत आत गेली. पाय मारले, तसे ते खालीच सरकले. पुन्हा मारले. कागदाच्या तळ्यात पडलेलं कुत्रंसुद्धा वर येत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोपऱ्यात कागदाला एक दुमड पडली होती, तिच्यात तिचं डावं कोपर अडकलं. दोन्ही दगड अजून हातांत होते.

“नाना!”

वारा नानांकडून तिच्याकडे वाहत होता. त्यांचं उपरणं तिच्याच दिशेने फडफडत होतं. तिने पुन्हा हाक मारली आणि तोंडात पाणी गेलं.

मग तिने दगड आपटले.

नानांचा हात वर गेला.

तिने भराभर आपटले, एकामागून एक, कसलाही हिशेब न ठेवता. हात वर, खाली, वर. शेवटी नानांनी तो खाली घेणंच सोडलं. पाठीवरूनही ते खूश दिसत होते.

कोपर दुमडीतून निसटायला लागलं. प्रयोग बरोबर येत होता. तिचा एकेक ठोका पोचत होता.

हेमांगी त्या वर धरलेल्या हाताकडे पाहत राहिली. मग तिने बोटं उघडली. दगड कागदावरून घरंगळत खोलात गेले. मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी तिने दुमड पकडली आणि हलायचं बंद केलं.

नानांचा हात अर्धा खाली आला. थांबला. त्यांनी हेडफोनवर टिचकी मारली. वायर हलवून पाहिली.

आणि वळले.

ते बांधावरून धावत आले. ठिबकची गुंडाळलेली नळी त्यांनी तिच्याकडे भिरकावली, दुसरं टोक कमरेला वेढलं आणि मागे मागे सरकत तिला ओढून काढलं. दोघंही मातीत बसली. हेडफोन नानांच्या गळ्यात होते, वायर तुटून लोंबत होती.

हेमांगी बराच वेळ खोकत होती. “नाना,” ती म्हणाली, “ऐकू ई ऱ्हायंतं ना?”

“चांगलं खणखणीत,” नाना म्हणाले. “ठोका ई ऱ्हायंता. मी म्हनं, पोर मजामा शे.”