दुसरी आंघोळ

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी आर्गिरो संध्याकाळी परत पाण्यात उतरली. सकाळची एक झालेली असताना.

किनाऱ्यावर झाऊच्या झाडांच्या सावलीत बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. या ग्रीक बेटावरच्या गावात समुद्रात डुंबण्याला आंघोळच म्हणतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेली प्रत्येक म्हातारी आपल्या आंघोळी मोजते. चाळीस झाल्या की थंडी बिनखोकल्याची जाते. डोकं नाही भिजलं तरी चालतं, खांदे भिजले पाहिजेत. दिवसाला एक. दोन कोणी करत नाही.

एकोणीस.

हा आकडा पोलिक्सेनीचा. आर्गिरोची थोरली बहीण. काल एकोणिसावी आंघोळ करून वर चढताना ती पायरीवरून घसरली आणि घोटा मोडला. डॉक्टरने गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, समुद्र बंद केला. आर्गिरोच्याही कालपर्यंत एकोणीसच. आकडे दोघींना एकमेकींचे पाठ असायचे, पण दुसऱ्यांच्या तोंडून. बहिणी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. आईचा हातमाग पोलिक्सेनीने न विचारता एका हॉटेलला शोभेसाठी देऊन टाकला, तेव्हापासून. पिरेयस बंदरातून दोघी एकाच बोटीने यायच्या, वेगवेगळ्या मजल्यांवर बसून. पाण्यातही गळ्यापर्यंत उभ्या राहायच्या, डोक्यावर गवती टोप्या, मधे चार बायका.

पोलिक्सेनी घाबरली होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या सव्वीसच झाल्या, आणि ती थंडी तिने न्यूमोनियाने इस्पितळात काढली. मुलगा म्हणायचा, आई, समुद्राचा आणि फुप्फुसाचा काय संबंध. ती विचारायची, खाटेवर तू होतास की मी?

आता ती गॅलरीत, पाय खुर्चीवर. खाली समुद्र.

बहीण सकाळी पाण्यात. बहीण संध्याकाळी पाण्यात.

अंजिरं घेऊन आलेल्या शेजारच्या स्टामाताला तिने सांगितलं की ही मला जळवायला जाते. स्टामाताने ते लगेच खाली पोचवलं. वर आपल्याकडचं जोडलं: माशासारखे कल्ले फुटलेत का गं तुला? आर्गिरोने टोपी घट्ट केली आणि ती पाण्यात गेली.

ऑगस्टच्या बाराव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. सकाळी एकही बाई उतरली नाही. आर्गिरोही नाही. संध्याकाळी मात्र ती एकटी आली, बांधलेल्या होडीचा दोर धरून खांद्यापर्यंत गेली आणि गुडघा खरचटून बाहेर आली. पोलिक्सेनीने ती बाहेर येईपर्यंत पाहिलं. मग दार धाडकन लावून घेतलं.

पंधराला मारियामातेचा सण. चर्चमधून आल्यावर, सकाळच्या आंघोळीला, स्टामाताने आर्गिरोला विचारलं, किती झाल्या. तेहेतीस, आर्गिरो म्हणाली. स्टामाताने पाण्यातच बोटांवर मोजलं. सत्तेचाळीस येत होत्या. बायकांत वाद झाला. एक म्हणाली, वय झालं, आकडे हलले. दुसरी म्हणाली, लबाड आहे. पण लबाड माणूस वाढवून सांगतं, कमी करून कशाला सांगेल? जेवायची वेळ झाली म्हणून वाद तिथेच राहिला.

एकवीस ऑगस्ट. बोट पाचला.

तीन वाजता, सगळं गाव खिडक्या लावून झोपलेलं असताना, आर्गिरो पोलिक्सेनीच्या दारात उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. पोलिक्सेनीच्या बॅगा भरून तयार होत्या, प्लास्टरचा पाय त्यांतल्याच एकीवर.

"तुझ्या चाळीस झाल्या," आर्गिरो म्हणाली.

पोलिक्सेनी मोजू लागली. ओठ हलत होते. एकोणीस, वीस, एकवीस. एकेक संध्याकाळ. बाराव्या दिवसाशी ती अडली.

"वारा होता त्या दिवशी तू एकदाच गेलीस. ती कोणाची?"

"तुझी."

"म्हणजे तुझ्या एकोणचाळीस."

आर्गिरोने खांदे उडवले.

पोलिक्सेनीने काठी ओढून घेतली, टेकत टेकत उठली आणि गॅलरीचं दार उघडलं.

"बोटीला दोन तास आहेत. जा. मी बघतेय."