उभा नारळ
जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच होता. लातूरहून आलेली बोअरची गाडी गावात एकच भोक पाडून पुढं जाणार होती. जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या तापानं पडलेला, म्हणून सरपंच शिवप्पांनी जागा शोधायला नारळ रेवणसिद्ध गुरुजींच्या तळहातावर आडवा ठेवला; खाली पाणी असलं की तो उभा राहतो, असा गावाचा विश्वास. “शिकलेला हात हाय, खोटं बोलणार न्हाई.” कालच गुरुजींनी सातवीच्या वर्गात हाच प्रयोग करून सांगितलं होतं, नारळ पाण्यानं उठत नाही, आपलंच मनगट नकळत कलतं. आज चिंचेखाली नारळ ताडकन उभा राहिला. “अहो, माझा हात हलला!” गुरुजी ओरडले. “हलणारच की, खाली पाणी हाय!” म्हणत लोकांनी कुंकू वाहिलं, गाडी घरघरू लागली. सातवीतली गौरम्मा रिकामी घागर घेऊन जवळ आली. “गुरुजी, कालचं खरं का आजचं?” “कालचं खोटं निघू दे,” पुटपुटत गुरुजींनी नारळाला हात जोडले.