चुलीपाशीची खुर्ची

धाकटा खिडकीत वीत टाकून भिंतीची जाडी मोजत होता. आई पाहते आहे हे लक्षात येताच त्याने तोच हात केसांवरून फिरवला.

आईच्या मनात पाल चुकचुकली.

दोन दिवस सगळ्यांनी एकत्र राहावं म्हणून मुलांनी हे जुनं दगडी शेतघर भाड्याने घेतलं होतं. कुणीतरी छप्पर नवं घालून, दगडांमधल्या फटी भरून ते पाहुण्यांसाठी सजवलं होतं. आईचं स्वतःचं घरही असंच दगडी, शेताच्या कडेला. तिथे यायला मुलांना सवड होत नसे. दारं बुटकी, न्हाणीघर लांब, अंधार फार. इथे मात्र बुटक्या दारांचंच कौतुक चाललं होतं. एरवी क्षुल्लक गोष्टीवरून हमरीतुमरीवर येणारी भावंडं सकाळी पोहोचल्यापासून एका सुरात बोलत होती. सुनेने न्हाणीघराचे फोटो काढले. थोरल्याने घर सांभाळणाऱ्या बाईला गाठून, इथे वर्षभर माणसं येतात का, याची चौकशी केली. जेवतानाही तो मधूनच, "आई, कसं नटवलंय बघ," म्हणाला. आईने नुसती मान हलवली.

जेवणं झाल्यावर सगळे विहीर पाहायला गेले. आई स्वयंपाकघरात थांबली. जुन्या चुलीच्या वर एक मोठा फोटो होता. त्यात एक म्हातारी चुलीपाशी खुर्चीत बसलेली, हात मांडीवर. तीच खुर्ची फोटोखाली ठेवलेली होती.

"ह्या कोण?"

"मालकीणबाई," भांडी पुसता पुसता बाई म्हणाली. "पाहुण्यांना फार आवडतो हा फोटो. आता त्या मुलाकडे असतात, शहरात. मध्ये एकदा आल्या होत्या. चपला काढून दारातच उभ्या राहिल्या. मी 'आत या' म्हणेपर्यंत पाऊल टाकलं नाही त्यांनी."

आई आणखी काही विचारणार, तोच मुलं परतली. थोरल्याने सांगितलं की संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जरा बोलायचं आहे. काळजीचं काही नाही, आईच्या सोयीचंच आहे. तेवढ्यात लेकीने फोन समोर धरला.

"आई, त्या खुर्चीत बस ना. हात मांडीवर ठेव. आणि हसू नकोस हं, अशीच छान दिसतेस."

आई बसली. खुर्ची तिच्या मापाची होती. सुनेने पुढे होऊन तिचा पदर सारखा केला, धाकट्याने न सांगता खिडकी उघडून उजेड दिला, आणि चूलही फोटोत यावी म्हणून लेक दोन पावलं मागे सरकली.

आईने मान वर करून भिंतीवरच्या म्हातारीकडे पाहिलं. मग लेकीकडे.

"कुठल्या भिंतीवर लावणार आहेस?"

फोन लेकीच्या हातात तसाच राहिला. सुनेने थोरल्याकडे पाहिलं. थोरला छताची तुळई निरखू लागला.

आई उठली. दाराशी जाऊन तिने चपला पायात सरकवल्या.

"गाडी काढ," ती धाकट्याला म्हणाली. "सकाळपासून माझं घर बंद आहे."