वहिनींच्या चपला

"वहिनी नाही आल्या?"

बॅग ओढत आलेल्या माणसाला निदान पाणी तरी विचारावं. पण मालकीणबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. भाऊंनी उत्तरही तयार ठेवलं होतं, बसमध्ये दोनदा घोकलं होतं. नेमकं ऐन वेळी डोकं रिकामं झालं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"गुडघा," ते म्हणाले. "जिना उतरवत नाही तिला."

"गुडघा तर उन्हाळ्यात दुखत होता."

"तो डावा. आता उजवा."

"असं होय," मालकीणबाई म्हणाल्या आणि किल्ली आणायला आत गेल्या.

तळ्याकाठच्या दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या या बाईला 'मालकीणबाई' हे नाव भाऊंच्या बायकोनेच थट्टेत ठेवलं होतं. पुढे ते सगळ्या गावाने उचललं. थाप पचली असं समजून भाऊ खोलीकडे वळले.

उंबऱ्याबाहेर बायकोच्या निळ्या रबरी चपला भिंतीला टेकून उभ्या होत्या. नुकत्याच धुतलेल्या, अजून निथळत होत्या. दर ऋतूला यायचंच आहे तर ओझं कशाला वाहायचं, म्हणून तिने त्या इथेच ठेवल्या होत्या. ही दोघं यायच्या दिवशी मालकीणबाई त्या पलंगाखालून काढून धूत.

गाव चारही ऋतूंत पाहायचं हा तिचाच हट्ट. उन्हाळ्यात तळं मागे सरलं की बुडालेल्या जुन्या पायऱ्या उघड्या पडत, त्यांवर ती पाय सोडून बसे. पावसाळ्यात पाणी परसाच्या भिंतीला येऊन टेके. पाऊस उघडल्यावर काठाचं गवत कमरेएवढं होई आणि होडीवाला त्यातून वाट काढताना शिव्या घाली. हिवाळ्यात सकाळी तळं दिसतच नसे, नुसता वल्ह्यांचा आवाज येई. "माणूस आणि गाव एकदा पाहून कळत नाही," ती म्हणायची. "तुम्ही तर मला अजून नीटसे कळला नाहीत."

मागचा हिवाळा संपता संपता ती गेली.

शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुनेने साड्या वाटून टाकल्या होत्या. शेजारचे भाऊंशी हळू आवाजात बोलत, जणू त्यांनाच काही झालंय. इथे मात्र कुणाला माहीत नव्हतं. इथे तिचा गुडघा दुखत होता, तिला पडसं झालं होतं, ती लेकीकडे गेली होती, पण ती होती. हे एवढं गाव हातचं गेलं की ती कुठेच उरणार नव्हती. म्हणून आयुष्यात ज्यांना साधी थाप मारता आली नाही, ते भाऊ दर ऋतूला एक नवी थाप घेऊन येत होते.

संध्याकाळी ते अंगणात चहा घेत बसले होते. शेजारी मालकीणबाई मटार सोलत होत्या.

"भाऊ, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोला की."

"आमच्या गावात फोनला रेंज फक्त त्या टेकाडावर." त्यांनी मानेनेच घरामागचा उंचवटा दाखवला. "घरचं माणूस बाहेरगावी असलं की जो तो संध्याकाळी तिथे चढतो. जेवलास का, पोचलास का, एवढंच विचारायला. मीसुद्धा चढते, या दम्यासकट."

भाऊंनी चहाचा घोट घेतला.

"उन्हाळ्यात तुम्ही आठवडाभर होतात. बायकोचा गुडघा दुखतोय, ती घरी एकटी, आणि तुम्ही एकदाही टेकाड चढला नाहीत." त्यांनी वर न बघता आणखी एक शेंग फोडली. "पावसाळ्यातही नाही. त्यानंतरही नाही."

कप बशीत वाजला. भाऊंनी तो खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला उन्हाळ्यापासूनच..."

"हो."

"मग चपला कशाला धुता?"

"वहिनींच्या आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "धुवायला नकोत?"

भाऊंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मालकीणबाई मटार सोलत राहिल्या. मग त्यांनी पदर झटकला, साली गोळा केल्या.

"आता उठा. होडीवाला परवा विचारत होता, भाऊ वहिनींना फोन कसा करत नाहीत म्हणून. उगाच भांडण झालंय समजेल. उजेड आहे तोवर जाऊन या."

टेकाड फारसं उंच नव्हतं, पण भाऊंना धाप लागली. वर पोचताच खिशातला फोन जागा झाला, अडकलेले निरोप एकामागून एक टणटणले. त्यांनी ते पाहिले नाहीत. कुठलाही नंबर न लावता फोन कानाला लावला. ओशाळल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

"पोचलो," ते म्हणाले.

मग जमलं. पाणी यंदा बरंच आहे, धुकं आत्तापासूनच उतरायला लागलंय, होडीला नवा रंग दिलाय पण अगदीच भडक, तुला नसता आवडला. खोली तीच मिळाली. खिडकीची कडी अजून तशीच, वाऱ्याने वाजते.

खाली अंगणात मालकीणबाई बाहेर आल्या. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी हाक मारली, काठावरच्या होडीवाल्याला ऐकू जाईल अशी.

"भाऊ! वहिनींना म्हणावं, चपला धुऊन ठेवल्यात!"

भाऊंनी फोनवर हात ठेवला.

"विचारतेय," ते वरून ओरडले, "वाळल्या का?"