कॉफी येण्याआधी

माद्रिदच्या त्या नावाजलेल्या हॉटेलात बॉम्ब कोणी ठेवला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. फाइल बंद केल्याचं पत्र आज आलं. त्या स्फोटात आपल्या साहेबांसोबत जेवायला बसलेला माझा पोलीस नवरा गेला. पत्र मी दिराला, एउसेबियोला वाचून दाखवलं.

"तू देवमाणूस रे! नीएवेसला आइस्क्रीम द्यायला बाहेर नेलंस, म्हणून माझी लेक वाचली."

"पुरे ना वहिनी, किती वर्षं तेच!"

"नाहीतर वेटरनं खुर्च्या उलट्या केल्या तरी गप्पा छाटत बसणारा तू! त्या दिवशी कॉफी येण्याआधीच कसा उठलास?"

त्यानं पत्र घ्यायला हात पुढे केला. मी ते दिलं नाही.

"एउसेबियो, भावाला का नाही उठवलंस?"

"तो उठला असता, तर त्याच्या टेबलावरचे सगळे साहेब उठले असते."