नसलेला दिवा

मावशींनी पुन्हा बटण दाबलं, तेव्हा डोळे तपासायच्या यंत्रात एकही दिवा लागलेला नव्हता.

"मावशी, दिवा चमकला तरच दाबा," तपासणारी मुलगी वैतागून म्हणाली. "अंदाजानं नको."

"दिसल्यासारखा वाटला गो बाय." मावशींनी यंत्रावर टेकलेली हनुवटी उचलली. "आमच्या मालकांची होडी वादळात गेली, ती अजून आली नाय. रोज सांजची बंदरावर उभी रहाते. लांब दिवा वाटला, की धावत पाण्यापर्यंत जाते. नसला, तर एक फेरी फुकट. पण असलेला माझ्याकडून हुकला तर? म्हणून आले डोळे दाखवायला."

मुलीनं तपासणी पुरी केली, निकाल पाहिला आणि मावशींना धीर यावा म्हणून हसली.

"उगाच घाबरलात. दिवा नसताना पुष्कळदा बटण दाबलंत, पण लागलेला एकही सोडला नाहीत, अगदी अंधूक होता तोसुद्धा. नजर एकदम चांगली आहे. चष्मासुद्धा नको."

मावशी स्टुलावरून उठल्याच नाहीत.

"नीट बघ गो," त्या हळूच म्हणाल्या. "थोडी तरी अधू असेल."