शेवटची काडी

लेक गेल्यावर आईने तिच्या गुलाबाच्या काड्या छाटून गॅलरीतल्या कुंडीत खोचल्या. एकेक करून सगळ्या काळ्या पडल्या. एकच उरली, तीही वाळकी.

"अगं, तीही केव्हाच मेली. उपटून टाक," नवरा आतल्या खोलीतून म्हणाला.

मुळं धरलीत का, हे काडी हलकेच ओढून बघतात. अडली तर धरली. लेकीला हे तिनेच शिकवलं होतं.

तिने ओढलं. काडी अडली.

मग खालून कुणीतरी ओढलं. हळूच, दोनदा. बाजारात कंटाळली की लेक तिचं बोट अस्संच ओढायची, "आई, चल ना."

तिने मूठ घट्ट केली. काडी मातीत उतरू लागली, मागोमाग तिची बोटं.

"निघाली का गं?" नवऱ्याने विचारलं.

"निघाले," ती म्हणाली.